रेनानं निवडलेली वैरण

वन्संनी वैरणीची निवड पहाटे ठेवली, ती मुद्दामच.

सासरे होते तोवर निवड ऊन चांगलं वर आल्यावर व्हायची. सगळ्यांच्या पोटात गरम सूप गेलेलं असायचं, गारठलेली बोटं वळायला लागलेली असायची, थट्टामस्करी चालायची. यंदा मात्र पहिलं कडक हिंव पडलं त्याच संध्याकाळी लेओकादिया वन्सं चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "उद्या उजाडता उजाडता पेंढ्या मांडायच्या. तेओफिलोला खाली परतायची घाई आहे."

तेओफिलोला कसलीही घाई नव्हती. तो आमच्याच चुलीशी बसून चार्कीचा, सुकवलेल्या मांसाचा, तुकडा चघळत होता. खालच्या दरीतली माणसं वैरण घेऊन वर आली की पाहुणचार संपेपर्यंत हलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घाई वन्संना होती. सकाळी वाडग्याच्या भिंतीतल्या पांढऱ्या दगडाला ऊन लागेपर्यंत मी बोलत नाही, आणि हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नाही.

हे व्रत माझ्या मुलाच्या जन्मापासूनचं. रुस्बेल जन्मला तेव्हा रडेना. निळा पडला होता. सुईण त्याच्या तळव्यांवर चापट्या मारत होती आणि मी भिंतीवरच्या तसबिरीतल्या कांदेलारियाच्या माउलीला म्हणाले, माझा आवाज घे, पण ह्याला दे. दारातून वाडग्याची भिंत दिसत होती. तिच्यातल्या पांढऱ्या दगडाला ऊन लागलं आणि पोरगं किंचाळलं. तेव्हापासून रोज तेवढा वेळ माझा आवाज तिचा. रुस्बेल आता हुलियाका शहरात प्रवासी गाडीवर असतो आणि दिवसभर दारात लोंबकळून गावांची नावं ओरडतो. माउलीनं द्यायला हात आखडता घेतला नाही.

आमचा अल्पाकांचा कळप लहानच. सासऱ्यांच्या वेळेपासून एकत्र, अर्धा वन्संचा आणि अर्धा माझ्या नवऱ्याचा, मेलितोनचा. मेलितोन गेल्यावर तो अर्धा माझ्याकडे आला आणि तेव्हापासून वन्संच्या घशात काटा अडकला आहे. त्यांनी लग्न केलं नाही. बापाची जनावरं हीच त्यांची लेकरं, आणि त्यातली निम्मी परक्या घरातून आलेल्या बाईच्या नावावर. यंदा पाऊस लवकर पळाला होता. पाणथळ कुरणाचा काठ आताच दोरखंडाच्या रंगाचा झाला होता, आणि झाडून सगळ्या माद्या गाभण होत्या. वैरण चुकली असती तर उन्हाळ्यात वाडग्यात एकही पिल्लू उभं राहिलं नसतं. माझ्याकडे जगायला दुसरं काही नाही.

तर उजाडलं. श्वासाचा धूर होत होता. वन्संनी पट्ट्यांचं घोंगडं अंथरलं आणि त्यावर तीन पेंढ्या मांडल्या. पहिली तेओफिलोच्या ओटाची. कापणीनंतर भिजल्यानं ती मधून काळी पडली होती आणि ओल्या जोड्यासारखा वास मारत होती. दुसरी त्याच्याच जवाची, पिकून पिवळी झालेली, लांब कुसळांची. तिसरी वरच्या खोऱ्यातल्या कासिमिरोच्या डोंगरउतारावरची. ही पेंढी हिरवीगार होती. अशा वर्षी, अशा महिन्यात असा हिरवा रंग बघून जनावराच्याच काय, माणसाच्या तोंडालाही पाणी सुटावं.

कासिमिरो पोंचो गळ्यापर्यंत ओढून पेंढीमागे उभा होता. त्याच्या मुलीचं जावळ वन्संनी काढलं, तेव्हापासून तो त्यांचा कोम्पाद्रे आणि त्या त्याच्या कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाबहिणीहून जड.

"वहिनी आज फार गप्प," तो मला म्हणाला.

"गप्प?" वन्सं हसल्या. "तिनं जीभ देवीकडे ठेवायला दिलीय. ऊन आलं की परत मिळते. तोवर आपल्याला जरा शांतता."

"माझ्या बायकोला सांगतो असं व्रत," तेओफिलो म्हणाला. "पण दिवस मावळेपर्यंतचं."

सगळे हसले. मीही मान खाली घालून हसले, कारण तेओफिलोच्या बोलण्यात विष नसतं.

मग वन्संनी रेनाला आणलं.

रेना म्हणजे कळपाची आई. सगळ्यांत म्हातारी मादी, कानांत लाल लोकरीचे गोंडे. वैरण कुठली घ्यायची हे आम्ही माणसं ठरवत नाही. आदल्या दिवशी आईला उपाशी ठेवायचं आणि पहाटे पेंढ्यांसमोर सोडायचं. ती जिला तोंड लावेल ती वैरण डोंगरबाबानं दिली असं मानायचं. मी ह्या घरात आल्यापासून हेच बघत आले आणि मनापासून मानत आले. जनावराच्या तोंडून देव बोलतो, माणसाच्या तोंडून बहुतेक वेळा पोट बोलतं.

रेनानं ओट हुंगला आणि नाक फेंदारलं. जवावर ती चक्क थुंकली.

"आभारी आहे, बाईसाहेब," तेओफिलो म्हणाला.

मग ती हिरव्या पेंढीकडे गेली. कासिमिरोच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मीही क्षणभर सुखावले, खोटं कशाला बोलू. पण उपाशी जनावर गवताला तोंड लावतं ते घासच्या घास ओढतं, डोळे अर्धे मिटून चघळतं. रेना तसं करत नव्हती. तिनं नाक पेंढीत खोल खुपसलं आणि चांगलं, कोवळं गवत झटकून बाजूला टाकलं. ती आत काहीतरी शोधत होती. वरचा ओठ थरथरत होता. एक काडी सापडली की मान लटलट हलवत ती खायची आणि पुन्हा नाक खुपसायची.

हे मी पूर्वी पाहिलं होतं.

मेलितोन होता तेव्हा एक फार कोरडं वर्ष आलं होतं. वन्संनी हट्टानं सगळा कळप हिवाळाभर कासिमिरोच्या डोंगरावर चारला, कारण हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं. वसंत यायच्या आत माद्या जागच्या जागी गोल फिरायला लागल्या. नसलेल्या दगडांवरून उंच पाय टाकायच्या, पडायच्या. गाभ गळाले. निम्म्याहून अधिक गेल्या. रेना वाचली, पण पुढची कित्येक वर्षं ती संधी मिळाली की कळप सोडून त्याच डोंगराकडे सुटायची. भरल्या कुरणातूनसुद्धा. लोक कौतुकानं म्हणायचे, म्हातारी चांगल्या गवताची चव विसरत नाही. मीही म्हणायचे.

रेनाच्या ओठातून एक काडी घोंगड्यावर पडली. मी वाकून उचलली. समोरासमोर बारीक पानं आणि टोकाला फुगीर, सुकलेली शेंग. रानहरभरा, जनावराला वेड लावणारा. पेंढीत थोडाथोडका नव्हता, मुठी मुठी होता. तो हिरवा राहतो म्हणूनच तर पेंढी हिरवी होती.

"झालं!" वन्सं म्हणाल्या. "आईनं सांगितलं. पानं घ्या."

त्यांनी कोकाची अखंड पानं तीन-तीन जुळवली, डोंगराकडे फुंकर घातली आणि पहिली जुडी कासिमिरोच्या हातावर ठेवली. मग स्वतः घेतली. एका घरच्या कळपाची वैरण ठरवायची तर घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात पान जावं लागतं. तिसरी जुडी त्यांनी माझ्यासमोर धरली.

मी पूर्वेकडे पाहिलं. कडा लाल झाला होता. पांढरा दगड अजून सावलीत होता.

मी हात शालीच्या आत ओढून घेतले.

"घे," वन्सं म्हणाल्या.

मी काडी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"घे म्हणते ना. का आता तोंडाबरोबर हातही देवीला दिलेस?"

मी मान हलवली. वन्संनी माझं मनगट शालीतून बाहेर खेचलं आणि पानं तळव्यात कोंबायला लागल्या. मी मूठ उघडली नाही. पानं जमिनीवर पडली.

तेओफिलोनं टोपी काढली. मी खाली बसले, पानं एकेक उचलली, शालीच्या टोकानं पुसली आणि भिंतीवर पांढऱ्या दगडाशेजारी नीट ठेवली. मी आईची निवड नाकारत होते, डोंगरबाबाची नाकारत होते, आणि का ते सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता. मनात म्हणत होते, माउली, जरा लवकर पाठव गं ऊन. ऊन काही माझ्यासाठी लवकर आलं नाही. कासिमिरो माझ्याकडे बघत थुंकला, वन्सं मला उद्देशून जे जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

शेवटी दगडाच्या कडेला सोनेरी रेघ उमटली. दिवसाचा पहिला शब्द माउलीचाच असतो. मी प्रार्थना म्हटली, सावकाश, पूर्ण.

"बघा, बघा कशी घोळवतेय!" वन्सं म्हणाल्या.

"वन्सं," मी म्हणाले, "ह्या पेंढीत रानहरभरा आहे. खूप आहे."

कासिमिरो मोठ्यानं हसला. "असेल चार काड्या. डोंगर आहे वहिनी, चर्चची बाग नाही. आणि वाळला की त्याचं विष उडून जातं. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

सगळे तसंच मानतात, हे खरं. ओल्या रानहरभऱ्याला घाबरतात आणि वाळल्यावर बिनधास्त चारतात.

"रेना चुकली म्हणतेस?" वन्संनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. त्यांचा आवाज खाली आला की मला जास्त भीती वाटते.

"चुकली नाही. तिला चटक लागलीय. त्या वर्षापासूनची. बाकीचं गवत तिनं फेकून दिलं, पाहिलंत ना? दारुड्याला कुठल्याही गावात गुत्ता सापडतो, तसा तिला हा सापडला."

"माझ्या मेव्हण्याला सापडतो," तेओफिलो पुटपुटला, आणि आपण बोलायला नको होतं असं वाटून खोकला.

"माझ्या बापाच्या कळपाच्या आईला दारुडी म्हणाली," वन्सं म्हणाल्या. "ऐकलंत सगळ्यांनी. त्या वर्षी जनावरं का मेली, सांगू? ही घरात आली होती म्हणून. पांढऱ्या पायाची. आधी जनावरं गेली, मग माझा भाऊ गेला. आता माझा उरलेला कळप उपाशी मारायचाय हिला."

"त्या वर्षी जनावरं कासिमिरोच्या डोंगरावर तुम्ही नेली होती, वन्सं."

मी हे हळूच म्हणाले. मला मोठ्यानं बोलता येतच नाही. पण इतक्या वर्षांत हे कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"वाटणी," त्या म्हणाल्या. "आजच्या आज."

वाटणी झाली. दोन वाडग्यांच्या मधल्या फटीतून जनावरं एकेक सोडायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. माझी पाळी आली की वन्सं काठीनं लंगडी किंवा खोकणारी मादी नेमकी पुढे ढकलायच्या. कासिमिरो त्यांना मदत करत होता. आई थोरल्याकडे जाते, म्हणून रेना त्यांच्याकडे गेली. कुरणाचा वरचा भागही थोरलीचा, आणि वरच्या भागाबरोबर पाटाचं पाणी. संध्याकाळी मी खाली गेले तर पाटाच्या तोंडाशी मातीची ढेकळं रचलेली होती आणि माझ्या बाजूला ओल सुकायला लागली होती.

"पाणी, वन्सं?" मी विचारलं.

"देवीकडे माग की. ती तुझं ऐकते."

निवडीत तेओफिलोची वैरण आली नव्हती, त्यामुळे त्याचा जव शिल्लक होता. काळा पडलेला ओट गाभण जनावराला घालणं म्हणजे हातानं गाभ पाडणं, म्हणून मी जव घेतला. त्याबदल्यात माझ्याकडची चार्की आणि लोकर दिली. "थुंकी लागलेला माल आहे," तो म्हणाला आणि काही भारे वरून जास्तीचे टाकून गेला. जाताना टोपी हातात धरून विचारलं, "नेमेसियाबाई, तुम्हाला नक्की खात्री आहे ना?"

"नाही," मी म्हणाले.

खरंच नव्हती.

जवाला कुसळं असतात. जिभेखाली, हिरडीत रुततात, तोंड पिकतं आणि जनावर भरल्या वैरणीसमोर उपाशी मरतं. म्हणून अखंड पेंढी घालता येत नाही. ऊन आलं की मी दगडावर पेंढी आडवी ठेवायची आणि कोयत्यानं कणसं वेगळी कापायची. ती कांडून माझं सूप व्हायचं आणि नुसती ताटं जनावरांना. दिवस मावळला की प्रत्येकीचा जबडा उघडून बोट फिरवून बघायचं. माझ्या घागऱ्यात कुसळं, अंथरुणात कुसळं, जपमाळेच्या मण्यांत कुसळं. बोटांना भेगा पडल्या. प्रार्थनेला हात जोडले तरी टोचायचं.

वन्सं भिंतीवर कोपरं टेकून बघायच्या. "काय गं, जवाच्या दाढ्या करतेस होय? धंदा बरा आहे. खाली गावात न्हावी मेलाय म्हणतात."

कधी म्हणायच्या, "माझ्यांकडे बघ. कशा भरल्यात."

खरंच भरल्या होत्या. रेनाचे डोळे चमकत होते, लोकर फुलली होती. माझ्या माद्यांची हाडं दिसत होती. गुरुवारी मी माउलीपुढे वात लावायची आणि विचारायची, मी गर्वानं तर नाही ना केलं? आईच्या तोंडून तू बोललीस आणि मीच बहिरी झाले असेन, तर शिक्षा मला दे, माद्यांच्या पोटातल्यांना नको. माउली काही म्हणाली नाही. भिंतीपलीकडून वन्सं मात्र रोज म्हणायच्या.

मग पाणी दगड व्हायचे दिवस आले, आणि गेले. वारा सुटायचे दिवस लागले. एका दुपारी मी रेनाला पाहिलं. सपाट जमिनीवर ती पाय उंच उंच उचलून चालत होती, जणू समोर ओढा आहे. मग भिंतीला धडकली. तिथंच मान ताणून आभाळाकडे बघत राहिली.

मी हाक मारली, "वन्सं, ती वैरण बंद करा. अजूनही बंद करा. माझा जव घ्या."

"तुझी नजर बंद कर," त्यांनी उत्तर दिलं आणि घोंगडं टाकून भिंतीचा तो भाग झाकला.

घोंगड्याआड काय चाललंय ते आवाजावरून कळायचं. पडण्याचा आवाज. वन्संच्या शिव्या. नंतर नंतर शिव्याही नाहीत. गिधाडं वरच्या बाजूला उतरायला लागली तेव्हा समजलं की गाभ गळताहेत. कासिमिरोनं तिकडे फिरकणं सोडलं होतं.

एका पहाटे मी वाडग्यात लेंड्या गोळा करत होते. ऊन अजून यायचं होतं. घोंगडं खसकन खाली पडलं आणि वन्सं भिंत ओलांडूनच आल्या. केस सुटलेले, पायांत वहाणा नाहीत.

"बोल!" त्या ओरडल्या. "आत्ताच्या आत्ता बोल!"

मी उभी राहिले.

"मला कळलंय तू काय करतेस. रोज पहाटे तोंड बांधून शाप घालतेस. न बोलता घातलेला शाप उतरत नाही. एक शब्द बोल. मोड ते व्रत, म्हणजे माझी जनावरं सुटतील. बोल गं! मुकी मेली, बोल!"

त्यांनी माझे खांदे धरून गदागदा हलवले. लेंड्यांची टोपली सांडली. त्यांच्या तोंडाला कित्येक दिवसांच्या उपासाचा वास येत होता. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि प्रथमच तिथं रागाच्या मागे नुसती भीती दिसली. एक शब्द बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. जनावरांना नाही.

मी त्यांचे हात सोडवले. कापून ठेवलेल्या जवाच्या ताटांचा भारा पाठीवर घेतला आणि त्यांच्याच वाटेनं भिंत ओलांडून त्यांच्या वाडग्यात गेले.

"टाक ते खाली! माझ्या जनावरांना काय घालतेस? टाक म्हणते!" वन्सं मागून माझी शाल ओढत होत्या. शाल त्यांच्या हातात राहिली. मी चालत राहिले.

वाडग्यात बघवत नव्हतं. थोरल्या माद्या भिंतीला टेकून थरथरत होत्या. धाकट्या कोपऱ्यात घोळक्यानं उभ्या होत्या, खंगलेल्या पण पायांवर घट्ट. थोरल्यांनी त्यांना हिरव्या गंजीशी कधी येऊच दिलं नव्हतं, चावून, थुंकून हाकललं होतं. वन्संनी त्यांच्यापुढे वेगळा टाकलेला वाळका काडीकचरा खाऊन त्या जगल्या होत्या. मी जव मधोमध पसरला.

धाकट्या धावत आल्या. घासच्या घास ओढायला लागल्या, डोळे अर्धे मिटून. पोटं दिसत होती त्यांची, काहींची अजून भरलेली.

रेनाही आली. तिनं जव हुंगला नाही. पायांखाली तुडवत त्यातून आरपार गेली, संपलेल्या गंजीच्या जागी पोचली आणि उघड्या मातीत नाक खुपसलं. वरचा ओठ थरथरायला लागला. माती झटकून ती काही शोधत होती. मान लटलट हलत होती. नाकातून रक्त आलं तरी थांबेना.

वन्संची ओढाताण थांबली.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. पुढे जाऊन त्यांनी जवाची मूठ घेतली आणि रेनाच्या तोंडापुढे धरली. "खा," त्या म्हणाल्या. असा मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "खा गं माझी आई. खा." रेनानं त्यांचा हात डोक्यानं बाजूला ढकलला आणि पुन्हा मातीत तोंड घातलं.

वन्सं तिथंच खाली बसल्या. माझी शाल अजून त्यांच्या मुठीत होती.

मागे माझ्या वाडग्याच्या भिंतीवर उजेड सरकत होता. मला वळून बघायची गरज नव्हती, पाठीला ऊब लागली. मी प्रार्थना म्हटली. वन्संनी ती संपेपर्यंत तोंड उघडलं नाही.

मग म्हणाल्या, "हं. आता म्हण. सांगितलं होतं, म्हण. एवढ्यासाठीच तर ह्या बाजूला आलीस."

जिभेच्या टोकावर ते होतंच. नव्हतं म्हणाले तर माउली हसेल.

"धाकट्यांना हा भारा संध्याकाळपर्यंत पुरणार नाही," मी म्हणाले. "माझ्याकडच्या बाकीच्या पेंढ्यांची कणसं अजून तशीच आहेत. तुमचा कोयता आणा."

त्यांनी मान वर केली. "मला हुकूम सोडतेस?"

"हो."

"बापाच्या वाडग्यात? परक्या घरची तू?"

"हो, वन्सं. आणि येताना पाटाची ढेकळंही काढून या. जनावरांना प्यायला पाणी लागेल."

त्या उठल्या. माझी शाल जमिनीवर टाकली आणि तिच्यावरूनच पाय देऊन गेल्या. पाटाकडे त्यांनी एकेक ढेकूळ उचलून असं काही भिरकावलं की मला वाटलं प्रत्येकाला माझंच नाव आहे. पाणी सुटल्याचा आवाज आला. मी माझ्या बाजूच्या पेंढ्या भिंतीवरून इकडे टाकत राहिले.

बऱ्याच वेळानं त्या कोयता घेऊन आल्या. हातात दिला नाही. माझ्या पायाशी फेकला, दगडावर ठिणगी उडाली. मग स्वतःच वाकून उचलला, माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि पहिली पेंढी आडवी धरली.

"आणखी खाली कापा," मी म्हणाले. "कुसळं राहतात."

"गप्प बस," वन्सं म्हणाल्या, आणि आणखी खाली कापलं.